परदेशांतील विद्यार्थिदशा

परदेशीं शिकणें म्हणजे केवळ विमानाचें भाडें जमविणें, असा समज केळझरसारख्या गांवीं असणें स्वाभाविक आहे. खरें कठीण काम त्यापुढचें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रावरून हें स्पष्ट होतें.

इ. स. १९१३ मध्यें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षें नोकरी, असा करार होता. अर्थशास्त्राबरोबर त्यांनीं इतिहास, समाजशास्त्र व तत्त्वज्ञान हेहि विषय अभ्यासिले, आणि १९१५ मध्यें ते एम्. ए. झाले.

१९१६ मध्यें त्यांनीं लंडन गांठलें. परंतु मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. निघण्यापूर्वीं मात्र, चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून मिळविली होती.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तों अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळेना. अखेर ते मुंबईस आले. सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक होऊन त्यांनीं पैसा सांठविला, मित्राकडून कर्ज घेतलें, १९२० मध्यें लंडनला परतले आणि १९२३ मध्यें डी. एस्सी. झाले.

पालकहो, शिष्यवृत्तीची रक्कम, मुदत व अटी आधीं नीट वाचा. विद्यार्थ्यांनो, अभ्यास खंडित झाला तरी तो पुढें चालू करण्याची वाट निघतांनाच मोकळी ठेवा.