हॅकेथॉन संपल्यावर

1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने एका यंत्रासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी कडक होत्या. चरखा वजनाला हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा, बाईमाणसाला आठ तास फारसं न थकता त्यावर सूत काढता यायला हवं. किंमत दीडशे रुपयांच्या आत आणि आयुष्य वीस वर्षांचं. नमुने आले, पण सगळ्या अटी पुऱ्या करणारा एकही निघाला नाही. बक्षीस तसंच राहिलं.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार बघताना ही स्पर्धा हटकून आठवते. संगणकाचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी त्या अटी मुद्दाम वाचाव्यात. यंत्र वापरणार कोण, कुठे, किती वेळ, मोडलं तर दुरुस्तीला काय पडेल, हे सगळं त्यात आधीच लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्टांत नेमकं हेच नसतं. असते ती पहिल्या स्लाइडवर शेतकऱ्याची प्रतिमा.

वर्ध्यात या मुलांची संख्या कमी नाही. सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे, बजाज इन्स्टिट्यूट 2017 मध्ये आली, सावंगी मेघेच्या अभिमत विद्यापीठातही अभियांत्रिकी शिकवली जाते. शिवाय बीएस्सी, बीसीए, बीसीसीएवाले वेगळेच. यांच्यातली सगळ्यांत बोलबाला असलेली स्पर्धा म्हणजे 2017 पासून भरणारी स्मार्ट इंडिया हॅकेथॉन. मंत्रालयं, सरकारी खाती आणि कंपन्या आपापले प्रश्न मांडतात. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी. आधी कॉलेजातली फेरी, मग कल्पनेचं सादरीकरण, आणि निवड झाली तर सॉफ्टवेअर गटात सलग 36 तासांची अंतिम फेरी. अनेक वर्षं एका प्रश्नाला एक लाखाचं बक्षीस होतं. चरख्याचा तोच आकडा, फक्त 1929 चा लाख वेगळा!

खरी गोम संघ बांधण्यात आहे. सहाही जण कोडिंगवाले असतील तर संघ हमखास अडखळतो. एकाने प्रश्न मांडणाऱ्या खात्याचं काम समजून घ्यायचं, एकीने पडद्यावरची मांडणी सांभाळायची, एकाने परीक्षकांसमोर न घाबरता बोलायचं. आणि 36 तासांत जे उभं राहतं ते केवळ सांगाडा असतं. स्पर्धेनंतर महिनाभराने त्याला कुणी हात लावतो का, यावरून ती मुलं काय शिकली ते कळतं. बहुतेक जण लावत नाहीत. प्रमाणपत्र लिंक्डइनवर चढलं की विषय संपतो.

प्रमाणपत्रांचंच म्हणाल तर एनपीटीईएलचे अभ्यासक्रम त्यातल्या त्यात खणखणीत. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं स्वयम् पोर्टलवर फुकट. पैसे लागतात ते परीक्षेचे. आठवड्याच्या असाइनमेंटना 25 टक्के आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला 75 टक्के वजन, त्यामुळे नुसते व्हिडिओ पळवून भागत नाही. इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जात असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने सुरुवात करावी. लिनक्स, सी, पायथन असे विषय दहाएक मिनिटांच्या तुकड्यांत, आणि कित्येक तुकडे मराठीतून. एका खिडकीत ऐकायचं, दुसऱ्या खिडकीत लगेच करून बघायचं. हातांनी करत शिकायचं, ही कल्पना 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योगासाठी मांडली होती.

कोड्यांची आवड असणाऱ्यांसाठी आयसीपीसी ही प्रोग्रॅमिंगची स्पर्धा आहे: तीन जण, एक संगणक, पाच तास. सुटलेल्या कोड्यासाठी आधी केलेल्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला वीस मिनिटांचा दंड. हा गणिती कुस्तीचा आखाडा आहे, सगळ्यांनी उतरायलाच हवं असं नाही.

मला स्वतःला मुक्त सॉफ्टवेअरची वाट जास्त पटते. गूगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे, आणि 2022 पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. घरी बसून, मानधन घेऊन, जगभरातल्या प्रकल्पात काम करता येतं. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये. पण तेव्हा जागं होऊन उपयोग नाही. प्रकल्पवाले विचारतात, आजवर तुम्ही आमच्यासाठी काय केलंत? म्हणून दिवाळीपासूनच एखादा प्रकल्प धरावा, त्याची माहितीपुस्तिका वाचावी, त्यातली चूक दुरुस्त करून पाठवावी. ती नाकारली जाईल. का नाकारली ते समजून घेऊन पुन्हा पाठवावी.

तेवढाही धीर नसेल, तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आवाज गोळा होतात. वाक्य समोर येतं, ते वाचून ध्वनिमुद्रण करायचं, दुसऱ्याचं ऐकून तपासायचं. आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या मुलांचा वऱ्हाडी हेल त्या साठ्यात पडला, तर पुढे एखादं बोलकं ॲप त्यांच्या आजीचंही ऐकेल. त्याला कोडिंग लागत नाही, नागपूरची बसही लागत नाही.