जुन्या पेटीचे नवे रूप

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातील रेल्वे-जंक्शनचे गाव. येथील उन्हाळा कडक व कोरडा असतो. पावसाळ्यात मात्र हवा दमट होते. लाकूड कोरड्या हवेत आकसते आणि दमट हवेत फुगते. वर्षानुवर्षे असे होत राहिले, की जुन्या ध्वनिक्षेपकाच्या लाकडी पेटीचा वरचा थर कडेने सुटू लागतो. पेटी निकामी झाली असे समजून लोक ती अडगळीत टाकतात.

अशा पेटीचे अंग बहुधा साध्या लाकडाचे असते. त्यावर सागवान किंवा शिसव अशा देखण्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. जुने सुतार त्यासाठी सरस वापरीत. सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनतो. ऊब आणि ओल मिळताच तो मऊ होतो. म्हणून आतील यंत्र व तारा काढल्यावर, सुटलेल्या जागी ओलसर फडके ठेवून वडील माणसाने त्यावरून बेताची गरम इस्त्री फिरवावी. मग वर सपाट फळी व वजन ठेवून पेटी रात्रभर तशीच राहू द्यावी. पापुद्रा तुटला असेल, तर नवा तुकडा बसवताना लाकडाच्या रेषा जुळवून घ्याव्यात.

काचकागद रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने घासावा. पापुद्रा एकदा झिजला, की पुन्हा भरून येत नाही. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात कापसाच्या बोळ्याने द्यावेत. जवळ विस्तव मुळीच नसावा. ही लाख पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील चिमुकले किडे तयार करतात.

कुजलेले लाकूड पुन्हा धड होत नाही. सुटलेला पापुद्रा मात्र पुन्हा बसतो. पेटी टाकून देण्यापूर्वी एवढे पारखून पाहावे.