गाडी हाताला बसली पाहिजे!

घरात मिक्सर घ्यायचा ठरला, तर दुकानात तुम्ही काय करता? भांडे उचलून पाहता, झाकण नीट बसते की नाही बघता, आवाज ऐकता आणि मगच भाव करता. शिवणयंत्र तर पाय लावून पाहिल्याशिवाय तुम्ही घेतच नाही. पण त्याच घरात चारचाकी घ्यायची ठरली, की तुमची जागा मागच्या सीटवर! भाऊजी मायलेज विचारतात, यजमान हप्ता विचारतात, शेजारचे काका ‘विकताना किती येतील’ ते सांगतात. तुम्हाला विचारतात तो फक्त रंग.

मग होतं काय? गाडी दारात येते, पेढे वाटले जातात, तुम्ही हौसेने लायसन्सही काढता. पण गाडी असते लांबरुंद. बोनेटचा अंदाज येत नाही, क्लच दाबताना पाय ताणावा लागतो, गल्लीतून मागे घेताना घाम फुटतो. दोनदा फाटकाला घासली की घरातून सूर निघतो, “राहू दे, मीच चालवतो.” आणि तुमचं लायसन्स कपाटात रेशनकार्डाशेजारी जाऊन बसतं. दोष तुमच्या हाताचा नसतो बरं का! गाडीच तुमच्या हाताची निवडलेली नसते.

म्हणून आज बोलू या परवडणाऱ्या आणि चालवायला खरोखर मजा येईल अशा गाडीविषयी. ‘मजा’ म्हटल्यावर कुणी नाक मुरडेलही. पण विचार करा. जी गाडी चालवताना आनंद होतो, तीच तुम्ही रोज बाहेर काढाल. रोज काढाल, तरच हात बसेल. आणि हात बसलेला असेल, तरच रात्री दोन वाजता सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर कुणाच्या दाराची कडी वाजवावी लागणार नाही. तेव्हा ही चैन नव्हे, गरज आहे.

मजा कशात असते?

पुष्कळांना वाटते, की मजा म्हणजे वेग आणि वेग म्हणजे पैसा. तसे मुळीच नाही. आपल्या गावच्या रस्त्यावर, ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात, मजा येते ती गाडी आपले ऐकते तेव्हा. स्टिअरिंग जितके वळवाल तितकेच वळते, गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडतो, ब्रेकवर पाय ठेवताच गाडी शहाण्यासारखी थांबते. आणि या सगळ्याच्या मुळाशी असते ते वजन. हलक्या गाडीला लहान इंजिनही पुरते, वळायला कष्ट पडत नाहीत, थांबायला जागा कमी लागते आणि पेट्रोलही वाचते.

आपल्या आईच्या पिढीत गाडी म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, स्टिअरिंग जड. ती वळवायला दंडात ताकद हवी. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पन्नास हजारांच्या आसपास. इंजिन ७९६ सीसीचे, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. ऐट काही नाही, पण बोटाने वळणारी! बघता बघता कितीतरी बायका तिच्या स्टिअरिंगवर बसल्या. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, तरी तिने शिकवलेला धडा आजही खरा आहे: लहान आणि हलकी गाडी घ्या, हात लवकर बसतो.

आपल्याच तालुक्यातली गोष्ट

शिरूरकर मैत्रिणींनो, तुम्हाला याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. महागणपतीच्या रांजणगावला औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. तिथे २००९ सालापासून पुंटो नावाची गाडी तयार होऊ लागली. रस्ता धरून ठेवण्यात आणि स्टिअरिंगच्या भरीव, विश्वासाच्या स्पर्शात त्या किमतीला तिच्या तोडीची गाडी क्वचितच मिळे. जाणकार आजही तिचे नाव काढतात. पण तिचा बांधा भारी, वजन अकराशे किलोंच्या वर, आणि १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे ६८ अश्वशक्ती. त्यामुळे सिग्नलवरून निघताना ती जरा रेंगाळायची. आजच्या अल्टो के-१०ची ताकद जवळजवळ तेवढीच, ६७च्या आसपास. पण वजन आठशे किलोंच्या आत. म्हणून ती गावात चिमणीसारखी भुर्रकन निघते. उलट हमरस्त्यावर, बाजूने मालट्रक गेला की पुंटो हलत नाही, अल्टोला मात्र वारा जाणवतो. म्हणजे नुसती अश्वशक्ती वाचून काही कळत नाही. शोरूममध्ये ताकदीबरोबर वजनही विचारा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की निम्मे उत्तर मिळते.

त्याच रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला असे पाच तारे प्रथमच मिळाले. तेव्हा ‘हलकी’ घ्या म्हणजे ‘तकलादू’ घ्या, असे नव्हे. तारेही विचाराच.

आजच्या बाजारात काय पाहावे?

एक चांगली बातमी आधी सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, अशा गाड्या यात बसतात. नेमक्या आपल्याला हव्या त्याच!

गावातल्या गावात, भाजीबाजार, शाळा, क्लास आणि बँक एवढाच वापर असेल, तर अल्टो के-१० किंवा वॅगन-आर. वॅगन-आरमध्ये उंचावर बसायला मिळते, साडी सावरत वाकून शिरावे लागत नाही आणि चारही कोपऱ्यांचा अंदाज येतो. वळणावर मात्र ती जरा झुकते.

दर आठवड्याला पुण्याला जाणे असेल, तर थोडी दमदार हवी. शिरूरहून नगर रस्त्याने जा, नाहीतर दौंडहून पाटसला येऊन सोलापूर रस्ता धरा. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतोच. त्याला ओलांडताना गाडीत दम हवा. इथे स्विफ्ट शोभते. २००५ साली ती आपल्याकडे आली तेव्हापासून ‘चालवायला मजेची’ हेच तिचे नाव. २०२४ च्या नव्या पेट्रोल स्विफ्टची ताकद सुमारे ८२ अश्वशक्ती आणि वजन नऊशे ते साडेनऊशे किलो. हे गणित उत्तम जमलेले आहे. क्लच हलका हवा तर ग्रँड आय-१० निऑस चालवून पाहा. बांधा दणकट हवा तर टियागो पाहा. तिला २०२० साली ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले होते.

क्लचचीच भीती वाटत असेल, तर एएमटी आहे. स्वस्त गाडीत ही सोय २०१४ साली सेलेरिओने आणली. यात क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळते. बाजारच्या दिवशी गर्दीत फार सुख! पण गिअर बदलताना ती क्षणभर श्वास घेते, म्हणून ट्रॅक्टर ओलांडताना घाई करू नये. आणि हौसेचे विचाराल, तर हाताने गिअर टाकण्याची लज्जत वेगळीच. पाट्यावर वाटलेल्या चटणीसारखी!

सीएनजीने खर्च वाचतो, यात शंका नाही. पण ताकद थोडी घटते आणि डिकीतली जागा जाते. माहेरी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या, याचा विचार आधी करा.

जुनी घ्यायची असेल तर

बजेट कमी असेल, तर चांगल्या अवस्थेतली जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. पुंटो, चाकणला बनलेली पोलो, फोर्डची फिगो, या चालवायला मजेच्या गाड्या आता जुन्याच मिळतात. फोर्डने आपल्याकडचे उत्पादन २०२१ साली बंद करायला घेतले, पोलो २०२२ साली थांबली. अशी गाडी आवडली, तर पैसे देण्याआधी आपल्या नेहमीच्या मेस्त्रीला दोन प्रश्न विचारा: “हिचे काम तुम्ही केलंय का? आणि सामान किती दिवसांत येतं?” उत्तर देताना तो डोकं खाजवू लागला, तर मोह आवरा.

शक्यतो एप्रिल २०१९ नंतर बनलेली गाडी पाहा. तेव्हापासून सर्व मोटारींना एबीएस आवश्यक झाले. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग आपल्या ताब्यात राहते. त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅगही सक्तीची झाली.

किलोमीटरच्या आकड्यावर भुलू नका. पॅडलचे रबर बघा. आकडा वीस हजार आणि रबर मात्र गुळगुळीत, असे असेल तर पाणी मुरते आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आरसी बुक, विमा आणि थकलेला दंड तपासा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका.

चालवून पाहाल ती अशी

टेस्ट ड्राइव्ह तुम्हीच घ्या. यजमान शेजारी बसू देत. सैल चपला घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेली पादत्राणे बरी. आधी सीट बसवा. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून जास्त अंतर हवे. उंची कमी असेल, तर सीट वर करता येते का विचारा. उशी घेऊन चालवायची वेळ येत असेल, तर ती गाडी तुमची नव्हे.

मग निघा. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा. गाडी न थरथरता ओढते का? वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होते का? मोकळ्या जागी, मागे कुणी नसताना, एकदा ब्रेक जोरात दाबून पाहा. एसी लावून, घरची चार माणसे बसवून चढावर न्या. गावातल्या उंच गतिरोधकावर पोट घासत नाही ना, तेही बघा. आणि शेवटी ती तुमच्या दारात आणून स्वतः मागे घ्या. शोरूमबाहेरचा रुंद रस्ता सगळ्याच गाड्यांना गोड दाखवतो. खरी परीक्षा तुमच्या गल्लीतच!

नाव कुणाचे?

आता एक नाजूक, पण महत्त्वाची गोष्ट. रोज गाडी तुम्ही चालवणार असाल, तर ती तुमच्या नावावर करण्याचा विषय घरात जरूर काढा. रुसण्या-फुगण्याचा हा प्रश्न नाही. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण असते. ते मिळते ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याजवळ लायसन्स आहे, त्यालाच. गाडी यजमानांच्या नावावर आणि स्टिअरिंगवर तुम्ही, अशा वेळी ते संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. मग निदान विम्यात वेगळी भर घालून घ्या. शिवाय तुमच्या नावावरची गाडी तुमच्या सहीशिवाय विकली जात नाही, हेही लक्षात असू द्या. भिशीचे, शिवणकामाचे, पगाराचे पैसे जर तिच्यात जाणार असतील, तर एवढा हक्क मागण्यात गैर काय?

लायसन्स अजून काढले नसेल, तर शिकाऊ लायसन्स आधी काढा. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. तोवर शेजारी लायसन्सवाले माणूस आणि गाडीला लाल ‘एल’ची पाटी हवीच.

आणि गाडी आली, की पहिल्याच दिवशी पुण्याच्या गर्दीत घालू नका. रविवारी भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना निघा. दौंडकर मैत्रिणींनी भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला जावे. शिरूरकरांनी कुकडीचे रांजणखळगे पाहायला निघोज गाठावे. डबा बरोबर घ्या, मुलांना मागे बसवा, सगळ्यांचे पट्टे लावा. दर रविवारी असे थोडे थोडे चालवा. महिन्याभरात गिअर कधी बदलला, ते तुमचे तुम्हालाच कळणार नाही. तेव्हा खुशाल समजा, गाडी हाताला बसली!