शाळेत पोलीस हवा की सिस्टर?

“सिस्टर, शाळेतच एक पोलीस कायमचा बसवला तर पोरांची काळजी मिटेल ना?” वस्तीतल्या आरोग्य बैठकीत एका आईने आम्हाला विचारले. हा प्रयोग अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर केला आहे. त्याचे काय झाले ते पाहू.

तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये पिस्तूलधारी पोलीस नेमण्याची पद्धत १९५० च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात सुरू झाली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्यानंतर केंद्र सरकारने पैसा दिला आणि ही पद्धत देशभर पसरली. पालकांची भीती खरी होती.

पण गोळीबार थांबला का? कोलंबाइनमध्येही सशस्त्र पोलीस नेमलेला होताच. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, तेव्हा तिथला पोलीस इमारतीबाहेर थांबून राहिला. २०२१ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटनांचा अभ्यास छापून आला. सशस्त्र पहारा असल्यामुळे बळी कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. हल्ला करणारा बऱ्याचदा मरायलाच निघालेला असतो. त्याला बंदुकीचा धाक वाटत नाही.

मग उरलेल्या दिवसांत पोलीस काय करतो? मारामारी, उलट बोलणे, वर्गातला दंगा, असे मुख्याध्यापकांनी मिटवायचे प्रकार त्याच्याकडे जातात आणि त्यांची केस होते. २०१७-१८ च्या सरकारी नोंदीत काळी मुले १५ टक्के होती, पण पोलिसांकडे सोपवलेल्या आणि अटक झालेल्या मुलांत ती सुमारे ३० टक्के होती. याचा अर्थ आपल्या वस्तीला समजावून सांगायला नको.

गणवेश नेहमी वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. १९५७ मध्ये लिटल रॉक शहरात नऊ काळ्या मुलांना शाळेत शिरता यावे म्हणून राष्ट्राध्यक्षांनी लष्कर पाठवले होते. गणवेश कोणाच्या बाजूने उभा आहे, हे पाहावे लागते.

आम्ही नर्सिंगमध्ये शिकलो ते असे : घाबरलेले मूल ‘मला भीती वाटते’ असे क्वचितच सांगते. त्याचे पोट दुखते, ते झोपेत दचकते, अंथरूण ओले करते, शाळा टाळते. नाहीतर चिडते, मारते. हे ओळखायला शाळेत नर्स आणि समुपदेशक लागतात. अमेरिकेतल्या एका नागरी हक्क संघटनेने २०१९ मध्ये हिशेब मांडला : ३० लाख मुलांच्या शाळेत पोलीस होता पण नर्स नव्हती, आणि १७ लाख मुलांच्या शाळेत पोलीस होता पण समुपदेशक नव्हता.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर मिनियापोलिस, ओकलंड, डेन्व्हर इथल्या शाळांनी पोलीस हटवण्याचे ठरवले. डेन्व्हरमध्ये २०२३ साली एका विद्यार्थ्याने शाळेतल्या दोघा कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि पोलीस परत आले. म्हणजे नुसता पोलीस काढून भागत नाही. त्याच्या जागी कोण, तेही ठरवावे लागते.

आमचे मत स्पष्ट आहे. गरज पडली तर पोलीस बोलवावा, पण शाळेत त्याचा मुक्काम नको. मुलावर अत्याचार झाला तर पोलिसांत जायलाच हवे, तिथे प्रकरण ‘आपसात मिटवू’ नका.

त्या आईला आम्ही एवढेच सांगितले : शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला जा आणि विचारा, आमच्या मुलाने मन मोकळे करावे असे माणूस या शाळेत कोण आहे? मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करा. आणि लक्षात ठेवा, २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.