गॅजेट नंतर, टॉवेल आधी!

ड्रायव्हिंग रेंजवरचा पहिला दिवस बहुतेकांचा सारखाच जातो. चेंडू समोर निवांत पडलेला. ना बोलर, ना स्पिन. आपण जीव खाऊन क्लब फिरवतो आणि चेंडू जागचा हलत नाही. हललाच तर शेजारच्याच्या पायाशी घरंगळत जातो. त्या रात्री मोबाइलवर 'गोल्फ स्विंग' शोधलं, की संपलंच! दुसऱ्या दिवसापासून फीडमध्ये नुसत्या जाहिराती. मनगटाचा पट्टा घ्या, जड गोळ्याचा लवचीक दांडा घ्या, लेझरवाला पटर घ्या.

या सगळ्या वस्तूंना 'ट्रेनिंग एड' म्हणतात. त्यातल्या कितीतरी खरंच कामाच्या आहेत. पण पॉकेटमनी उडवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू मला माझी नेमकी कोणती चूक दाखवणार? उत्तर सुचत नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या. नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका पकडायला घरातलं सामान पुरतं.

दोन काठ्या : गोल्फमध्ये आपण लक्ष्याकडे तोंड करून नाही, तर आडवे उभे राहतो. त्यामुळे नेम चुकतो आणि चुकलाय हे कळतही नाही. नवशिके पावलांची रेषाच झेंड्यावर रोखतात. खरं तर चेंडूची रेषा झेंड्याकडे जायला हवी आणि पावलांची तिला समांतर, रेल्वेच्या रुळांसारखी. जमिनीवर दोन सरळ काठ्या ठेवल्या, की आपण कुठे बघत होतो ते लगेच दिसतं. मोठमोठे खेळाडूही सरावाला अशाच 'अलाइनमेंट स्टिक' वापरतात.

एक टॉवेल : आयर्नने मारताना क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा. आपलं होतं उलटं. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा. खाली येताना क्लब टॉवेलला अडला, तर समजा जमीन आधी लागतेय.

एक मार्कर : चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा आणि ती बाजू क्लबकडे ठेवून फटका मारा. क्लबच्या तोंडावर शाई उमटेल. ती मध्यभागी आहे, की टोकाला? 'फटका बरोबर बसला नाही' याचा पुरावा हातात! नंतर दोन्ही पुसून टाका.

दोन बाटल्या : पटिंगचा सराव हॉस्टेलच्या खोलीतही होतो. चेंडूच्या पुढे अर्ध्या मीटरवर दोन बाटल्या उभ्या करा. मधून चेंडू जेमतेम जाईल एवढीच फट ठेवा. एवढा काटेकोरपणा कशाला? होल 108 मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 5.4 सेंटिमीटर. पटरच्या रोखात फक्त एका अंशाची चूक झाली, तरी 3 मीटरवर चेंडू 5 सेंटिमीटरहून जास्त सरकतो. म्हणजे थेट होलच्या कडेवर! आणि एका फटक्याची किंमत काय असते? टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021च्या ऑगस्टमध्ये, अदिती अशोक चौथी आली. रौप्य आणि कांस्यसाठी प्लेऑफ खेळलेल्या दोघींपेक्षा तिचा एकच फटका जास्त होता.

आता खरी गंमत. काठ्या ठेवल्यावर नेम छान लागायला लागतो आणि आपल्याला वाटतं, जमलं! काठ्या उचलल्या, की पहिले पाढे पंचावन्न. हालचाली शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी 1984 मध्येच हा धोका मांडला होता. प्रत्येक वेळी बाहेरून मदत मिळाली, की शरीर तिच्यावरच विसंबतं आणि स्वतःची चूक ओळखायला शिकत नाही. म्हणून पाच चेंडू काठ्या ठेवून मारा, पुढचे पाच त्या उचलून. दुसऱ्या पाचांत जे जमलं, तेच तुमचं.

सामन्यात तर याला पर्यायच नाही. गोल्फच्या नियम 4.3 नुसार राउंड सुरू असताना अलाइनमेंट स्टिक लावून फटका मारता येत नाही. पहिल्यांदा दंड होतो, पुन्हा केलंत तर थेट बाद.

एक मात्र लक्षात असू द्या. टॉवेल चूक दाखवतो, ती का होतेय ते सांगत नाही. पकड आणि उभं राहणं सुरुवातीलाच प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. शक्य असेल तर गॅजेटचे पैसे त्या एक-दोन सेशन्सवर घाला. मग बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला मित्राला सांगा, पण तो क्लबच्या टप्प्याबाहेर उभा आहे ना, हे बघून घ्या.

पुढच्या वेळी रेंजवर जाताना बॅगेत टॉवेल आणि मार्कर टाका. महिनाभर हे केल्यावरही एखादं गॅजेट घ्यावंसं वाटलं, तर जरूर घ्या. तोवर ते नेमकं कशासाठी हवंय, हे तुम्हाला कळलेलं असेल.