धर्मग्राम कार्यालयातील जुना संगणक

धर्मग्रामाच्या कार्यालयात कापडाखाली झाकलेला जुना डेस्कटॉप संगणक असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्ही सुचवू इच्छितो. स्नानसंस्काराची नोंदवही कागदावर असते. जुनी वार्तापत्रे व गीतपत्रिका मात्र कित्येकदा त्या हार्ड डिस्कवरच उरलेल्या असतात.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, मराठी लेखन पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारख्या प्रणालींवर होत असे. प्रत्येकीचे अक्षरसंकेत निराळे. म्हणून तो मजकूर नव्या यंत्रावर अर्थहीन रोमन चिन्हांसारखा दिसतो. तो नष्ट झालेला नसतो. मूळ फॉन्ट जपल्यास तो वाचता येतो, आणि परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्येही आणता येतो. जोडाक्षरे मात्र डोळ्यांनीच तपासावी लागतात.

यंत्र उत्साहाने लगेच सुरू करू नये. प्रथम हार्ड डिस्क काढून आयडीई-यूएसबी जोडणीने तिची संपूर्ण प्रत घ्यावी. नंतर धूळ झाडावी, नाशिकच्या पावसाळी दमटपणाने काळवंडलेले रॅमचे संपर्क पुसावेत, फुगलेले कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. घड्याळ मागे पडत असल्यास ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी पुरते. रॅम वाढवावी, पण विंडोज ९८ ला ५१२ एमबीहून अधिक सहसा पेलत नाही. या आवृत्तीचे सुरक्षा-साहाय्य जुलै २००६ मध्येच थांबल्याने इंटरनेट जोडू नये.

प्रिंटरच्या पोर्टला लावलेला लहानसा हार्डवेअर लॉकही सांभाळावा. काही मराठी प्रणाली त्याविना उघडतच नाहीत.