कंबर दुखते म्हणता, पण खुबा तपासला का?

विदर्भातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही एक वाक्य सारखं ऐकतो : "कंबर भरली आहे, गोळी घेतली की बरं वाटेल." बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा लंगडत येतो, जांघेत दुखतं म्हणतो आणि टेबलावर न झोपवताच त्याला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं. आम्ही डॉक्टर नाही. पण "साहेब, खुबा तपासून बघा" एवढं म्हणता यावं म्हणून कार्यकर्त्यांना काही तपासण्या माहीत असायला हव्यात. त्यांना ना यंत्र लागतं, ना पैसे.

पहिली ट्रेंडेलेनबर्ग चाचणी. हे जर्मन सर्जन. 1895 साली त्यांनी ती मांडली, तेव्हा एक्स-रे अजून यायचा होता. रुग्णाला एका पायावर उभं करतात आणि मागून कमरेची पातळी बघतात. डाव्या पायावर उभं असताना उजवी बाजू खाली झुकली, तर दोष डावीकडे. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटियस मेडियस हा स्नायू एका पायावर असताना कंबर सरळ धरून ठेवतो. तो कमजोर झाला, त्याची नस दुखावली किंवा सांधाच बिघडला, तर कंबर झुकते. म्हणजे फक्त या चाचणीवरून कारण कळत नाही.

थॉमस चाचणीत रुग्ण पाठीवर झोपतो आणि एक गुडघा छातीशी धरतो. दुसरी मांडी टेबलावरून वर उचलली गेली, तर त्या बाजूचे पुढचे स्नायू आखडलेत किंवा सांधा पूर्ण सरळ होत नाही.

तिसरी आपल्या अंगवळणी पडलेलीच आहे. झोपवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवतात आणि दुमडलेला गुडघा हलकेच खाली दाबतात, अर्धी मांडी घातल्यासारखा. जांघेत दुखलं तर संशय खुब्यावर. मागे, कमरेच्या खाली दुखलं तर माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या सांध्यावर. म्हणूनच "आजकाल मांडी घालून बसवत नाही" असं तरुण माणूस म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला वळवतानाच अडकत असेल, तर बिघाड बहुधा स्नायूत नसून सांध्यात असतो.

आमचा खरा मुद्दा इथे आहे. विदर्भात सिकलसेल आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात रक्तपुरवठा अडून मांडीच्या हाडाचा गोळा मरत जातो. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र बिघाड दिसतो. "एक्स-रे चांगला आहे, स्नायू आखडलाय" म्हणून मुलाला पुन्हा हमालीला पाठवलं, की गोळा खचायला वेळ लागत नाही. मग सांधा बदलण्याची वेळ येते, तीही ऐन कमावत्या वयात. सिकलसेलचं कार्ड अनेक मुलं लपवतात, लग्न मोडेल या भीतीने. डॉक्टरसमोर तरी ते लपवायला नको.

या चाचण्या मोबाईलवर बघून घरी जोर लावून करू नका. मुलाला ताप असेल आणि तो पाय टेकवतच नसेल, तर चाचणीत वेळ न घालवता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. एरवी जाताना जुने कागद, सिकलसेलचा रिपोर्ट आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे बोटाने दाखवू शकणारा रुग्ण, एवढं सोबत असू द्या.